आयुका आणि खोडदची दुर्बीण: फुकट आहे, भारी आहे, पण प्रपोजल टाकायच्या आधी हे वाचा

पाचपैकी साडेचार स्टार देतोय. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

रिव्ह्यू आहे पुण्यातल्या आयुकाचा, म्हणजे खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठ केंद्राचा, आणि तिथून साधारण ८० किलोमीटरवरच्या खोडदच्या जीएमआरटीचा, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या दुर्बिणीचा. संस्था दोन वेगळ्या आहेत, आयुका यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि जीएमआरटी चालवणारी एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पण पुण्यात दोघी विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी आणि आपल्यासारख्याला दोन्हीकडे काम पडतंच, म्हणून एकत्रच लिहितो. आणि हा फिरायला गेलेल्याचा रिव्ह्यू नाही, काम करायला गेलेल्याचा आहे. फिरायला जाणाऱ्यांचे रिव्ह्यू भरपूर सापडतील, कॅम्पस छान, झाडं भरपूर, मुलांना आवडलं वगैरे, ते वाचून कुणालाच कळत नाही की ही जागा मुळात कुणासाठी बांधलीय. तर ती आपल्यासाठी बांधलीय राव. आपल्यासाठी म्हणजे तालुक्याच्या गावात फिजिक्स शिकवणारे, एमएस्सीची पोरं, पीएचडीचं रजिस्ट्रेशन करून बसलेले आणि गाईडचा फोन आला की सायलेंटवर टाकणारे, असे सगळे.

यूजीसीने १९८८ साली आयुका काढली, नारळीकर सर पहिले संचालक. हिशोब सरळ होता, की प्रत्येक विद्यापीठाला दुर्बीण, चांगली लायब्ररी आणि मोठे कॉम्प्युटर घेऊन देणं सरकारला जमणारच नाही, तर एका जागी चांगलं उभं करा आणि देशभरच्या विद्यापीठांतल्या लोकांनी तिथे येऊन वापरा. आता इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या निम्म्या प्राध्यापकांना वाटतं की आयुका म्हणजे फक्त तिथे नोकरी करणाऱ्या हुशार लोकांची जागा, आपण गेटवर गेलो तर वॉचमन हाकलून देईल. नाही हाकलत. आधी मेल करून गेलात तर गेटवर नाव लिहायचं आणि आत जायचं.

कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी तिथे व्हिजिटिंग असोसिएट नावाची सोय आहे. अर्ज करायचा, निवड झाली की तीन वर्षं तुम्ही असोसिएट. सुट्टीत किंवा मधे रजा काढून जायचं, राहायला गेस्ट हाऊस, येण्या-जाण्याचा खर्च ते बघतात, आणि बदल्यात तुम्ही करायचं काय तर तुमचंच काम. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पण वाटलं होतं यात काहीतरी मेख असणार. मेख नाहीये. तिथे एक टेबल मिळतं, इंटरनेट मिळतं, लायब्ररी मिळते, आणि मुख्य म्हणजे दुपारच्या चहाला अशी माणसं भेटतात ज्यांचे पेपर आपण वाचलेले असतात, आणि ती माणसं चहा पिता पिता 'तुमचं काय चाललंय' असं विचारतात आणि खरंच उत्तर ऐकतात. आपल्या स्टाफरूममध्ये चहाला पेपर तपासणी, डीएचे हप्ते आणि कोणाची बदली कुठे याच्यापलीकडे गाडी सरकत नाही, त्यामुळे सवय व्हायला जरा वेळ लागतो.

लायब्ररीबद्दल एकच सांगतो, जे जर्नल आमच्या कॉलेजात फक्त नावाने माहीत होतं त्याचे जुने अंक तिथे कपाटात बांधून ठेवलेले आहेत. खाली बसून पानं उलटायची. आता सगळं ऑनलाइन मिळतं म्हणतात, मिळतं पण, तरी जुन्या अंकात आपल्याला हवा तो पेपर शोधताना शेजारचा पेपर डोळ्यात भरतो ते सर्चमध्ये होत नाही.

इमारत चार्ल्स कोरियांची आहे. मधे उतरत्या पायऱ्यांचं कुंड, त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे, यावर सगळेच फोटो टाकतात म्हणून जास्त लिहीत नाही. पण आत पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबक आहे तो मुलांना जरूर दाखवा, आणि दाखवताना एक प्रश्न विचारा: लंबकाच्या झोक्याची दिशा पूर्ण एक फेरा फिरायला किती वेळ लागेल? सगळे २४ तास म्हणतात, शिक्षकसुद्धा. ध्रुवावर असता तर २४ तास बरोबर होतं, विषुववृत्तावर फिरलाच नसता, आणि पुण्याच्या अक्षांशावर साधारण ७५ तास लागतात, म्हणजे तीन दिवसांपेक्षा जास्त. २४ भागिले अक्षांशाचा साइन, बस्स. बारावीच्या पोराला हे फळ्यावर करायला लावलं आणि मग लंबकासमोर उभं केलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता खोडद.

नारायणगावला उतरून खोडदकडे वळलं की ऊस, द्राक्षं, कांदा असं सगळं नेहमीचं जुन्नर तालुक्याचं शेत-शिवार आणि मधेच ४५ मीटर व्यासाची भलीमोठी तबकडी उभी. अशा ३० आहेत. १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या, दोन टोकांतलं जास्तीत जास्त अंतर २५ किलोमीटरच्या घरात. या सगळ्या मिळून एकाच दुर्बिणीचं काम करतात. गोविंद स्वरूप यांनी हे उभं केलं. त्याच्या आधी त्यांनी कल्याणला १९६५ साली, होय आपलं कल्याण, ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या डिश लावून सूर्याची निरीक्षणं सुरू केली होती, आणि मग उटीला मोठी रेडिओ दुर्बीण बांधली. कल्याणच्या किती लोकांना हे माहीत असेल कोण जाणे, लोकलने रोज जाणारे मित्र माझ्याकडे थापा मारतोय अशा नजरेने बघतात.

डिश जवळून बघा. लांबून भरीव वाटते पण जवळ गेलं की आरपार आकाश दिसतं, कारण तो पत्रा नाहीच, जाळी आहे. अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जाड, ०.५५ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची तार, आणि ती जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली. जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, आणि ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्या वीस सेंटिमीटरपासून पार दोन-अडीच मीटरपर्यंतच्या, त्यामुळे त्या लहरींना भोकं दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी तो आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून वजन कमी ठेवता आलं आणि खर्चही. एवढ्या मोठ्या डिश एवढ्या स्वस्तात कुणी केल्या नव्हत्या, परदेशातले लोक आजही यावर बोलतात. हे मी पोरांना दरवेळी दाखवतो कारण 'लहरीची लांबी' हा धडा पुस्तकात शिकवून कळत नाही तेवढा त्या जाळीखाली उभं राहून दोन मिनिटांत कळतो.

मोबाइल बंद ठेवा हे वेगळं सांगायला नको. तिथे ही चेष्टा नाहीये, आकाशातून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की खिशातला फोन त्याच्यापुढे बोंब मारल्यासारखा असतो. खोडदच्या रस्त्यावर एका टपरीवर चहा घेत होतो, फोन काढला तर टपरीवाल्या आजी म्हणाल्या, "पाव्हणं, पुढं निघालात तर त्ये बंद करा बरं का, त्या तबकड्यास्नी चालत न्हाई." आमच्या एमएस्सीच्या पोरांना आरएफआय, म्हणजे असला बाहेरचा रेडिओ गोंगाट, काय असतो हे सांगायला एक लेक्चर लागतं, आजींनी एका वाक्यात उरकलं.

आता मुख्य मुद्दा, दुर्बिणीचा वेळ कसा मिळतो. सोपं आहे आणि अवघड आहे. सोपं अशासाठी की कुणीही अर्ज करू शकतो, जगात कुठूनही, पैसे लागत नाहीत, तुम्ही केंब्रिजचे आहात की केजचे हे बघून कुणी फी लावत नाही. वर्षाला दोन सायकल, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि अर्जाच्या तारखा साधारण जानेवारी आणि जुलैच्या मध्यात पडतात. ऑनलाइन भरायचं, काय बघायचंय, का बघायचंय, किती तास हवेत आणि तेवढेच का हवेत. अवघड अशासाठी की वेळ जेवढा असतो त्याच्या दुपटीहून जास्त मागणी असते आणि ठरवणारी कमिटी विज्ञान बघते, त्यामुळे 'आमच्या विद्यार्थ्यांना अनुभव मिळावा' असलं कारण लिहिलंत तर नाही म्हणून येणार, आणि ते बरोबरच आहे.

म्हणूनच माझं सगळ्यांना सांगणं आहे की प्रपोजल, म्हणजे हा अर्ज, नंतर. आधी आर्काइव्ह, म्हणजे जुन्या निरीक्षणांच्या डेटाचा साठा.

जीएमआरटीने घेतलेला डेटा ज्याने मागितला त्याच्याकडे १८ महिने राखून ठेवतात आणि नंतर तो सगळ्यांसाठी खुला होतो. म्हणजे गेल्या वीसेक वर्षांत ज्यांनी ज्यांनी वेळ मिळवला, त्यांच्या रात्रीच्या रात्री तिथे पडून आहेत, आणि ज्याने मागितला त्याने त्याच्या कामापुरतं बघितलं, बाकीचं कुणी बघितलेलंच नाही. त्याने मधली एक दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, बघितली असेल, पण त्याच चित्रात आजूबाजूला रेडिओ लहरी सोडणारे शेकडो स्रोत असतात. रजिस्ट्रेशन करा, आकाशातली जागा टाका, यादी येते, हवं ते मागवा. तुमच्या पीएचडीचं निम्मं तिथे आहे, आणि हे मी उगाच चढवून सांगत नाहीये.

आणि ज्याला कच्च्या डेटाची भीती वाटते त्याने टीजीएसएस या सर्व्हेपासून सुरुवात करावी. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला जवळजवळ ९० टक्के आकाशाचा सर्व्हे केलाय, त्याची तयार चित्रं खुली आहेत, सहा लाखांवर रेडिओ स्रोतांची यादी सोबत. लॅपटॉपवर फाइल उघडायची आणि शोधायला लागायचं. 'रॅड ॲट होम' नावाने काही मंडळी हेच काम कॉलेजच्या पोरांना आणि हौशी लोकांना शिकवून करून घेतात, त्यात अगदी इंजिनिअरिंगची पोरं पण आहेत, विचित्र आकाराच्या रेडिओ दीर्घिका हुडकून काढतात. आमच्या एका विद्यार्थिनीने तिथूनच सुरुवात केली, मी नंतर तिच्याकडून शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

तयार चित्र सोडून कच्च्या डेटाकडे वळलात की मात्र खरी परीक्षा. सांगतो कसं असतं ते. दुर्बीण आधी दहा-पंधरा मिनिटं एखाद्या ठरलेल्या प्रखर स्रोताकडे बघते, ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांपैकी एखादा, ज्याची तेजस्विता आधीच नीट माहीत आहे, मग तुमच्या स्रोताजवळचा एक कॅलिब्रेटर, म्हणजे मोजमाप जुळवून घ्यायला वापरायचा स्रोत, पाचेक मिनिटं, मग तुमचा स्रोत अर्धा तास, परत कॅलिब्रेटर, परत स्रोत, असं तासन्तास. या सगळ्यातून तुम्हाला चित्र मिळत नाही. मिळतात ते अँटेनाच्या जोड्यांचे आकडे. ३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या, प्रत्येक जोडीचे शेकडो-हजारो चॅनल (फ्रिक्वेन्सीचे बारीक तुकडे), प्रत्येक चॅनलचे काही-काही सेकंदांचे आकडे. हे सगळं आधी साफ करायचं. कुठे विजेच्या तारांचा गोंधळ, कुठे मोबाइल टॉवर, कुठे सॅटेलाइट वरून गेला, कुठे एखादी अँटेना त्या दिवशी बिघडलेलीच होती. तांदूळ निवडायला बसल्यासारखं बसायचं आणि खडे काढत राहायचं, आणि भीती दोन्हीकडून असते, खडा राहिला तर चित्र खराब आणि घाईत तांदूळच फेकले तर सिग्नल गेला. आमची विद्यार्थिनी पहिल्यांदा तो प्लॉट उघडून म्हणाली, "सर, यात आकाश कुठंय?" मला हसू आलं पण प्रश्न अगदी बरोबर होता.

सॉफ्टवेअर फुकट आहे, कासा नावाचं, आणि एनसीआरएच्याच लोकांनी 'कॅप्चर' नावाची पाइपलाइन लिहून खुली ठेवलीय जी बराचसा भाग आपोआप करते. पण पाइपलाइन चालवून चित्र आलं म्हणजे समजलं असं समजू नका. एकदा तरी हाताने करा. मी बघितलेल्या बऱ्याच पीएचडी इथेच अडकल्यात, दुर्बिणीचा वेळ मिळाला नाही म्हणून नव्हे तर मिळालेला डेटा दोन वर्षं हार्ड डिस्कमध्ये पडून राहिला म्हणून. आणि हार्ड डिस्क म्हणतोय ते खरंच, कारण २०१० च्या दशकात दुर्बीण अपग्रेड झाली, पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळायचा तो आता ४०० पर्यंत मिळतो, १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग. दुर्बीण दहापट भारी झाली आणि फाइल पण. एका निरीक्षणाच्या फाइली पन्नास-शंभर जीबी सहज होतात, आणि आमच्याकडे रात्री डाउनलोड लावून ठेवायचं आणि पहाटे लाइट जायची. शेवटी हार्ड डिस्क घेऊन एसटीने पुण्याला.

शिकायचं कुठे, तर पुण्यातच. डिसेंबरच्या सुमारास कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी विंटर स्कूल होतं, एनसीआरए आणि आयुका मिळून घेतात. उन्हाळ्यात आयुकाचे वेगळे प्रोग्रॅम असतात विद्यार्थ्यांसाठी. विंटर स्कूलमध्ये हाताने प्रयोग करायला लावतात, पोरं स्वतः छोटा अँटेना वापरून आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल घेतात, १४२० मेगाहर्ट्झचा. तो अनुभव घेतलेला पोरगा परत येऊन कॉलेजच्या गच्चीवर थर्माकोल, ॲल्युमिनियम फॉइल आणि काही हजारांत मिळणारा एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, घेऊन हॉर्न अँटेना करायला लागतो, आणि मग कॉलेजातले बाकीचे विचारायला लागतात की हे केटरिंगचं काय चाललंय. या स्कूलना पोरांना पाठवा. एवढंच केलंत तरी आयुका वापरल्यासारखं आहे.

आर्काइव्हवरून आठवलं, सरस्वती महासमूह. २०१७ मध्ये पेपरात मोठं आलं होतं, चार अब्ज प्रकाशवर्षं लांब, मीन राशीच्या दिशेला, दीर्घिकांचा प्रचंड समूह, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. बातम्यांमध्ये 'पुण्याच्या शास्त्रज्ञांनी' एवढंच आलं, आणि पुण्याचे होतेच, आयुका आणि आयसर. पण त्या पेपरच्या लेखकांमध्ये केरळातल्या थोडुपुळा गावच्या न्यूमन कॉलेजचे प्राध्यापक पण आहेत आणि जमशेदपूरच्या एनआयटीचे पण. आणि डेटा कुठला? अमेरिकेतल्या स्लोन सर्व्हेचा, जो जगात कुणालाही खुला आहे. म्हणजे नवी दुर्बीण नाही, नवा वेळ नाही, सगळ्यांसमोर पडलेल्या डेटात यांनी बघितलं. मला त्या शोधापेक्षा त्या लेखकांच्या यादीचं जास्त अप्रूप आहे. कॉलेजातल्या लोकांनी हा पेपर फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावला पाहिजे.

ॲस्ट्रोसॅटबद्दल थोडक्यात. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने सोडलेला उपग्रह, अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रे दोन्ही एकदम बघणारा. त्यातल्या एका एक्स-रे उपकरणाची डेटाची बाजू आयुकात सांभाळली जाते आणि ज्यांना हा डेटा वापरायचाय त्यांच्यासाठी मदत करणारी माणसं पण तिथेच बसतात. याचा पण डेटा ठराविक काळाने खुला होतो. रेडिओवाल्यांपेक्षा इथे सुरुवात सोपी आहे असं माझं मत, फाइली लहान आणि एक्स-रेचा स्पेक्ट्रम काढायला लॅपटॉप पुरतो. आदित्य एल-१ वरचं सूट हे सूर्याचं अल्ट्राव्हायोलेटमध्ये चित्र घेणारं उपकरण पण आयुकाने केलेलं. सूर्यावर काम करणाऱ्यांनी तिकडे बघा, मी त्या गल्लीत गेलेलो नाही.

गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण, २००६ पासून आहे, ही आयुकाची स्वतःची, ऑप्टिकल. चांगली आहे पण सह्याद्रीच्या कुशीत असल्यामुळे जूनपासून पावसाळाभर आकाश नाहीच, हे गृहीत धरूनच प्रोजेक्ट ठरवा. चार महिने हातातून गेले. अर्धा स्टार कापला त्यातला थोडा इथे, आता पावसाला कुणी काय करणार, पण रिव्ह्यू म्हणजे रिव्ह्यू. फारच मंद वस्तू बघायची असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या सॉल्ट या मोठ्या दुर्बिणीत आयुकाचा वाटा आहे, त्यातून विद्यापीठवाल्यांना वेळ मागता येतो, पण ते पहिल्या वर्षाच्या पोराचं काम नव्हे.

त्या अर्ध्या स्टारचा उरलेला, मोठा भाग कुठे कापला? तर आपल्याकडेच. आमच्या कॉलेजात, नाव लिहीत नाही कारण नोकरी अजून तिथेच आहे, ड्यूटी लीव्हचा अर्ज घेऊन गेलो.

"कुठे जायचंय?"

"सर, आयुकात. आठवडाभर. खर्च तेच देतात."

"प्रॅक्टिकल कोण घेणार? आणि त्या दुर्बिणीचा आपल्याला नॅकच्या दर्जा-तपासणीला काय उपयोग?"

"सर, पेपर आला तर पॉइंट मिळतील."

"मग पेपर आल्यावर जा."

यावर काय बोलणार. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत गेलो. आणि मी एकटा नाही, विंटर स्कूलला पोरं पाठवायची तर सेमिस्टरच्या परीक्षा बरोबर तेव्हाच, विद्यापीठाचं टाइमटेबल करणाऱ्याने कधी पुण्याचा पत्ता बघितलेलाच नाही असं वाटतं. आयुका-एनसीआरएने दार उघडं ठेवलंय पण कॉलेजमधून बाहेर पडायलाच परवानगी मिळत नाही, तर दार उघडं असून काय. ज्यांना हा त्रास नाही त्यांना हेवा वाटून सलाम.

आयुकात मुलांसाठी जी विज्ञान शोधिका आहे ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली, इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षीतला एक तारा, आणि पुलंचं नाव पण त्यात बसलं. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंमधून खेळणी करायचं काम बरीच वर्षं इथूनच केलं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यान असतं. नारळीकर सर तर सही मागणाऱ्या मुलाला सांगायचे की मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तरावर सही करून पाठवतो, आणि पाठवायचे. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले तेव्हा किती लोकांनी घरातून ती जुनी पोस्टकार्डं काढून फोटो टाकले ते बघितलंच असेल.

जायचं असेल त्यांच्यासाठी: आयुकाला काम असेल तर आधी मेल करा, आपला विषय दोन ओळींत लिहा, 'रिस्पेक्टेड सर विथ ड्यू रिस्पेक्ट' करत पानभर लिहू नका. उत्तर येतं, कधी उशिरा येतं, पुन्हा लिहा. खोडदला पुण्याहून जाताना चाकणला अडकणार हे धरूनच निघा, सकाळी लवकर निघालात तर नारायणगावला मिसळ खाऊन दहाच्या आत पोचता. रात्री तिकडे असलात तर उगाच शेतातून चालत फिरू नका, जुन्नर तालुका आहे, बिबटे आहेत, तिथली माणसं सांगतील तसं वागा. फक्त बघायला जायचं असेल तर २८ फेब्रुवारीला जा, विज्ञान दिनाला खोडदला दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते आणि आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांचं प्रदर्शन भरतं, गर्दी भयंकर, पण नववीतली पोरं आपल्या प्रयोगाजवळ उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला पकडून समजावतात ते ऐकायला मजा येते. एरवी शाळेची सहल न्यायची असेल तर आधी परवानगी काढा, बस भरून थेट गेटवर जाऊन उभं राहू नका.

आणि जुलैच्या सायकलला प्रपोजल टाकणाऱ्यांनी कमेंटमध्ये विषय लिहा, आर्काइव्हमध्ये त्या जागेचा आधीचा डेटा आहे का ते आधी बघून घेऊ. असेल तर प्रपोजल लिहायचे कष्ट वाचतील.